चेहरा उडालेले वेष्टन

४ फेब्रुवारी

आज दुपारी येथे येऊन पोहोचलो आणि पोहोचताच मन प्रसन्न झाले. प्रवासाने शिणला असाल, आधी जरा पडा, असा आग्रह झाला. मी तो मानला नाही. ज्या घरात जुन्या पुस्तकांची चित्रमय वेष्टने कपाटे भरभरून जपलेली आहेत, त्या घरात पाऊल टाकल्यावर ज्याला पलंगाची आठवण होते, त्याने या विद्येच्या वाटेला जाऊ नये.

मी नेमके काय करतो हे बहुतेकांना समजावून सांगावे लागते. पुस्तकाच्या बांधणीवर जो सुटा, छापील कागद गुंडाळलेला असतो ते वेष्टन. वाचक ते फाडतो, त्यावर चहाचा कप ठेवतो, मुलांना होड्या करायला देतो. म्हणूनच जुनी वेष्टने त्यांच्या पुस्तकांहून कितीतरी दुर्मिळ आहेत, आणि ती रंगवणारे चित्रकार आपल्या चित्रांसकट केराच्या टोपलीत गेले. त्यांतील एकाला मी टोपलीतून बाहेर काढले. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. चित्राच्या कोपऱ्यात तो इवलीशी उघडी कात्री काढत असे. तेवढीच त्याची सही. माझा प्रबंध त्याच्यावर आहे. या विषयावर दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही, आणि लिहिले असते तरी ते वाचण्याजोगे झाले असते असे मला वाटत नाही.

हा संग्रह ज्यांनी केला ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले. घरात त्यांचा उल्लेख 'साहेब' असाच होतो. त्यांच्या पत्नीला सगळे बाईसाहेब म्हणतात. ताठ बसणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या, वाक्य अर्धवट न सोडणाऱ्या बाई. त्यांनी मला 'डॉक्टर' म्हटले आणि लगेच नाडी दाखवायला हात पुढे केला नाही. एवढ्यानेच माझे मत त्यांना अनुकूल झाले.

वरच्या मजल्यावर एक लांबट दालन आहे. खिडक्या सगळ्या उत्तरेला, त्यामुळे ऊन आत शिरत नाही आणि प्रकाश मात्र दिवसभर एकसारखा. भिंतीलगत रुंद, उथळ खणांची कपाटे. प्रत्येक खणात झिरझिरीत कागदाच्या थरांमध्ये वेष्टने सपाट पसरलेली. यांची पुस्तके कोठे आहेत, असे मी विचारले. बाईसाहेब म्हणाल्या की ती तळघरात उघडीबोडकी पडली आहेत, त्यांना कोण विचारतंय. मला हे उत्तर फार आवडले. मजकूर काय, कोणीही वाचतो.

७ फेब्रुवारी

काम सुरू झाले आहे. एक संग्रहालय हे सारे घ्यायला तयार आहे; त्याआधी प्रत्येक वेष्टनाचे वर्णन हवे. चित्राचे आणि दोषांचेही. त्यासाठी साहेबांच्या वेळेपासूनची एक पद्धत या घरात ठरलेली आहे. पाहणाऱ्याने खिडकीच्या उजेडात वेष्टन पाहायचे आणि बोलायचे. लिहिणाऱ्याने शेजारच्या टेबलाशी बसून ऐकायचे आणि लिहायचे. दालनात मी पेन्सिलसुद्धा हाती धरायची नाही, अशी बाईसाहेबांची अटच आहे. मला ती योग्य वाटली. शस्त्रक्रिया करणारा स्वतः पट्ट्या गुंडाळत बसत नाही.

लिहायला आहेत त्या बाईसाहेबांच्या नणंद, साहेबांच्या अविवाहित धाकट्या बहीण. बाईसाहेब त्यांना 'वन्सं' अशी हाक मारतात, इतक्या गोडव्याने की ऐकणाऱ्याच्या दातांना कीड लागावी. त्यांचे दुसरे नाव मला कोणी सांगितले नाही. मीही वन्संच म्हणतो. लांब बाह्या, हातमोजे, गळ्याभोवती घट्ट रुमाल, आणि जो काही चेहरा उरतो तो न उरता तरी चालला असता. हाताळून हाताळून जीर्ण झालेल्या स्वस्त प्रतीसारख्या त्या दिसतात: कोपरे झिजलेले, रंग विटलेला, एका कानाच्या पाळीचा तुकडा नाहीसा. अक्षर मात्र सुवाच्य आहे. देव एखाद्याला काहीच देत नाही असे नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. तिने नेहमीप्रमाणे 'काय रे पंडिता' अशी सुरुवात केली आणि तिथल्या लोकांना किती नावे ठेवून झाली, असे विचारले. दोष काढण्याचेच मला मानधन मिळते, असे मी तिला शांतपणे सांगितले. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने तिची ती जुनी गोष्ट पुन्हा ऐकवली. माझ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ती किमान एकदा ऐकवलेली आहे. लहानपणी म्हणे ती आपला गृहपाठ घेऊन माझ्या कानाशी बसायची आणि मुद्दाम मोठ्याने चुकीची उत्तरे म्हणायची. मला ते सहन व्हायचे नाही. मी तिच्या हातातली वही हिसकावून बरोबर उत्तरे लिहून द्यायचो, आणि अख्खा गृहपाठ असा आयता होऊन जायचा. तापाने फणफणलेला असतानासुद्धा मी एकदा अंथरुणातून उठून तिचा पाढा दुरुस्त केला होता, असे तिचे म्हणणे. अतिशयोक्ती आहे. ताप अगदीच थोडा होता.

११ फेब्रुवारी

आज वन्संनी आगळीक केली. बाईसाहेब खाली गेल्या असताना त्या पेन्सिल थांबवून हलक्या आवाजात म्हणाल्या की तुम्ही फार नेमकं बोलता हो, जरा ढोबळ बोललात तर कोणाचं काय बिघडेल? 'डावीकडच्या घडीवर, वरच्या कडेपासून दोन बोटे खाली, तांबूस ठिपक्यांचा झुबका' असे म्हणण्याऐवजी नुसते 'काही डाग' म्हटले तरी कळेल की. मी त्यांना सुनावले की 'काही डाग' हे वर्णन नसून आळसाचा कबुलीजबाब आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी जेवताना हा प्रकार बाईसाहेबांच्या कानावर घातला. त्यांनी वन्संकडे पाहिले, आमटी पुढे सरकवली आणि एवढेच म्हणाल्या की वन्सं, डॉक्टरांना त्रास नाही हं द्यायचा.

जेवणानंतर बाईसाहेबांनी मला सर्वांत खालचा खण उघडून दाखवला. मी खाली बसलो.

कात्रीवाल्याचे वेष्टन. जगात त्याची ही एकच प्रत उरलेली असावी. मी त्याची केवळ काडेपेटीएवढी एक अंधुक जाहिरात पाहिली होती आणि तिच्या आधारावर प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिले होते. जिना उतरणारी स्त्री, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात कंदील. हीच स्त्री त्याच्या प्रत्येक चित्रात आहे, आणि प्रत्येक चित्रात ती आपल्याकडे पाठ करून उभी असते. फक्त येथे ती वळली आहे. फक्त येथे तिने मागे वळून पाहिले आहे.

आणि तिचा चेहरा नाही. तेवढा कागद उडालेला आहे. त्या जागी भोक. शिवाय पुस्तकाच्या कण्यावर येणाऱ्या भागाची निळाई उन्हाने पार गेलेली, कडेवर तांबूस ठिपके, आणि खालच्या कडेपासून निघून कंदील धरलेल्या मनगटातून आरपार गेलेली एक फाट. माझ्या तोंडून काय निघाले आठवत नाही. बाईसाहेब म्हणाल्या की घाई नको, आधी हात बसू दे.

१५ फेब्रुवारी

या घरात खोटेपणा चालला आहे, अशी माझी खात्री झाली होती. ज्या वेष्टनाच्या डाव्या घडीवर मी ठिपक्यांचा झुबका सांगितला होता, ते आज सहज पुन्हा काढले. घडी स्वच्छ. कोरी. मी बाकीचीही काढली. जेथे मी मोड सांगितला तेथे मोड नाही. जेथे कोपरा झिजलेला सांगितला तेथे कोपरा धारदार. कोणीतरी मागाहून दुरुस्त्या करून मला मूर्ख ठरवत आहे, असे वाटून माझे मस्तक भडकले. भिंग घेऊन सबंध दुपार घालवली. लगदा भरलेला नाही, रंग चढवलेला नाही, मागून चिकटवलेला कागद नाही. तंतू मूळचेच, अखंड. अशी दुरुस्ती कोणत्याही माणसाला शक्य नाही. ती शक्य असती तर मला ठाऊक असती.

मी वळून वन्संना जाब विचारणार होतो. त्यांचा रुमाल सरकला होता. मानेच्या डाव्या बाजूला, कानापासून दोन बोटे खाली, तांबूस ठिपक्यांचा झुबका.

१६ फेब्रुवारी

बाईसाहेबांनी काहीच लपवले नाही. त्यांनी चहा ओतता ओतता सांगितले, जणू दूध कसे तापवायचे ते सांगत होत्या.

दोष अचूक शब्दांत मांडला गेला की तो वस्तूला सोडतो. पण दोष म्हणजे काही धूर नव्हे की हवेत विरून जावा. त्याला बसायला जागा लागते. ज्याच्या हाताने तो लिहिला जातो, त्याच्या अंगावर तो बसतो. वस्तू समोर हवी, उजेड हवा, शब्द तंतोतंत हवेत. बाकी काही नाही. म्हणूनच पाहणाऱ्याने पेन्सिल धरायची नाही. साहेबांची नजर बरी होती, भाषा मात्र कच्ची, त्यामुळे वर्षानुवर्षांत वन्संचे फारसे काही बिघडले नाही. ते गेल्यावर आलेले तज्ज्ञ तर 'साधारण', 'किंचित', 'जरासे' यापलीकडे जाईनात. त्यांच्या बोलण्याने एक ठिपका हलला नाही. मग तुम्ही आलात, बाईसाहेब म्हणाल्या, आणि पहिल्याच दिवशी घडी स्वच्छ झाली. मी वन्संना म्हटलंसुद्धा, याला म्हणतात शिकलेला माणूस.

मला घृणा वाटायला हवी होती, हे मला कळते. मला वाटले ते असे, की माझ्या वर्णनशैलीची इतकी कदर आजवर कोणी केली नव्हती.

२० फेब्रुवारी

काम जोरात. मी आता अधिक काळजीपूर्वक बोलतो. 'फाट' म्हणायचे की 'चीर', याचा पूर्वी मी मनातच विचार करत असे; आता कागदावर त्याचा परिणाम डोळ्यांदेखत पाहता येतो. चुकीचा शब्द वापरला तर फाट तशीच राहते. योग्य शब्द सापडला की कडा एकमेकींकडे सरकतात आणि मिटतात, झोपी जाणाऱ्या पापण्यांसारख्या. कोणत्या लेखकाच्या वाट्याला हे सुख आले असेल?

वन्संकडे मी शक्यतो पाहत नाही. त्यांनी आज हातमोजा काढून हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. बोटांच्या कडा झिजल्या आहेत, नखे आहेत तेथे कागदी पापुद्रे. मी तो हात बाजूला सारला, कारण त्याखाली एक शिळाछापाचे वेष्टन होते आणि त्याला तेलकटपणा लागला असता.

एक गोष्ट मात्र मी स्वतःशी प्रामाणिकपणे मांडतो. माणसे तशीही झिजतात. ती बसमध्ये झिजतात, स्वयंपाकघरात झिजतात, आणि त्यातून जगात सुंदर असे काहीही उरत नाही. येथे निदान काहीतरी उरते.

२२ फेब्रुवारी

वन्संच्याने आता लिहवत नाही. हात उचलला की मनगटापाशी घडी पडते. बाईसाहेबांनी त्यांना मागच्या खोलीत नेऊन ठेवले आहे: पडदे ओढून, अंगाखाली आणि अंगावर झिरझिरीत कागद घालून. मी चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या की आडवं ठेवलेलं बरं, उभं ठेवलं की कडा दुमडतात. नीट ठेवलं तर पुष्कळ टिकतं.

आणि कात्रीवाल्याचे वेष्टन अजून तसेच आहे. हात बसू दे म्हणता म्हणता हातच संपला.

बाईसाहेब स्वतः लिहिणार नाहीत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय हो, असे म्हणून हसल्या. बाहेरचा माणूस आणला तर तो पहिल्याच दिवशी आरडाओरडा करत पळेल. विश्वासाने बसून राहील असे कोणी हवे. अक्षर चांगले हवे. माझ्या शब्दावर शंका न घेणारे हवे.

मी दुपारभर त्या भोकाकडे पाहत बसलो. तिच्या मानेचा बाक दिसतो. हनुवटीची सुरुवातही दिसत नाही.

२३ फेब्रुवारी

ताईचे अक्षर मोत्यासारखे आहे. माझ्या प्रबंधाची पहिली प्रत तिनेच लिहून काढली होती, कचेरीतून आल्यावर, रोज. मी शिकावे म्हणून तिने स्वतःचे शिक्षण सोडले. हे ती कधी बोलून दाखवत नाही. त्यामुळे मला त्याचे ओझेही वाटत नाही.

फोन केला. थोडे लिहिण्याचे काम आहे, हवापालटही होईल, असे सांगितले. ती म्हणाली, पंडिताने मला बोलावलं म्हणजे एकतर तुझी बटणं तुटली असणार नाहीतर तू आजारी असणार. येते.

२५ फेब्रुवारी

ताई आली. दारातच माझ्या कॉलरची घडी सरळ केली, बाईसाहेबांना म्हणाली की याला सांभाळलंत, तुम्हाला पदक द्यायला हवं. दालन पाहून ती म्हणाली की इतके सुंदर कपडे, आणि अंगं कुठे आहेत रे? मी तिला कात्रीवाल्याचे वेष्टन दाखवले. ती म्हणाली, अगं बाई, हिचं तोंड कोणी खाल्लं?

तिची त्वचा या वयातही नितळ आहे. आज प्रथमच लक्षात आले.

२६ फेब्रुवारी

पहिली बैठक. बाईसाहेब दाराशी विणत बसल्या. मी ठिपक्यांपासून सुरुवात केली. तांबूस, कडेला गडद, मध्ये फिके, वरच्या कडेपासून ओळीने खाली उतरणारे. ताईने वेलांटी-उकारांसह चोख लिहिले. कड स्वच्छ झाली. ताईने कानामागे खाजवले आणि इथे डास आहेत का, असे विचारले.

संध्याकाळपर्यंत डाव्या कानामागून गळ्यापर्यंत ठिपके पसरले. मी सांगितले की जुन्या कागदाच्या धुळीने असे होते. तिने माझ्याकडे पाहिले. ती माझ्याकडे लहानपणी अशी पाहायची, मी साखर खाल्ली नाही असे सांगितल्यावर.

२७ फेब्रुवारी

फाट. मला तिचे वर्णन इतके उत्तम जमले की मी स्वतःच थक्क झालो. कंदिलाचे मनगट अखंड झाले. त्या रेषेतला डौल आता कळतो.

ताईचा उजवा हात मनगटापासून करंगळीच्या मुळापर्यंत उभा फाटला आहे. रक्त नाही. आत पांढरे तंतू. ती ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून घरी जायचे म्हणाली. मी तिला समजावले की वेष्टन पूर्ण झाले की सगळे दोष निघून जातात, वन्संचेसुद्धा. असे मी सांगितले. ते खरे नाही. पण वाक्य चांगले झाले होते आणि तिने मान डोलावली.

मग तिनेच विचारले, या वन्सं कोण?

२८ फेब्रुवारी

कणा. निळाई परत आली — अशी निळाई मी कोठेही पाहिलेली नाही.

ताईचे केस, मान, पाठ — पांढरी म्हणता येणार नाही. रंगच नाही.

ती दुपारी मागच्या खोलीत वन्संपाशी जाऊन बसली होती. दाराआडून कुजबुज ऐकू येत होती. त्या बाईंत बोलण्याइतके काही उरले असेल असे वाटले नव्हते. बोलावले तरी ताई लवकर आली नाही. आल्यावर मात्र शांत होती, थट्टासुद्धा केली. म्हणाली की तुझी ती वन्सं गोड आहे रे, घरची माणसं कशी ओळखायची ते तिनं मला बरोबर सांगितलं. उद्या राहिलेलं उरकून टाकू.

माझ्या समजावण्याचा उपयोग झाला म्हणायचा.

आता फक्त चेहरा.

१ मार्च — दालनात

आज रोजनिशी येथे घेऊन आलो आहे. एरवी ती माझ्या खोलीबाहेर येत नाही. चेहरा उमटेल तो क्षण ताजाच टिपायला हवा. बाईसाहेब खाली आहेत. वेष्टन मांडून ठेवले आहे. ताई समोर, खिडकीच्या उजेडात. पेन्सिल उचलत नाही. म्हणते, आधी मला तर बघ, मीही जुनीच प्रत आहे.

माझी नक्कल करते आहे. भिंग धरल्यासारखा हात. म्हणते, मानेवर काळे डाग, चारदोन.

काळे! काळे नव्हेत — तांबूस. कडेला गडद, मध्ये फिके. डाव्या कानामागून गळ्यापर्यंत उतरलेले.

तिने मान पुसली. मान स्वच्छ आहे.

माझ्या कानामागे —

कळले. वस्तू समोर. उजेड. शब्द. आणि हात माझा. वन्संनी हे सांगितले तर तिला. मूर्ख बायका. बास. आता एक अक्षर लिहायचे नाही. वही मिटतो.

ती म्हणते, हाताला ओरखडा आहे, आडवा.

ओरखडा! आडवा! — फाट आहे ती, उभी, मनगटापासून करंगळीच्या मुळापर्यंत, आत पांढरे तंतू, रक्ताचा थेंब नाही —

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा नीट मिटत नाही. का लिहितो आहे मी. ती चुकीचे बोलते आणि ते तसेच पडून राहते, डोळ्यांसमोर, आणि मला ते —

ती म्हणते, तापातसुद्धा उठला होतास रे.

बाईसाहेब दारात आल्या आहेत. मी त्यांना हाक मारली. थांबवत नाहीत. लोकर गुंडाळत आहेत. त्यांना वेष्टनाशी मतलब.

ताई म्हणते, माझा रंग जरासा उतरलाय, नाही?

जरासा नव्हे. पूर्ण — केसांपासून पाठीपर्यंत, छटासुद्धा शिल्लक नाही, उन्हात वर्षानुवर्षे ठेवलेल्या —

तिचे केस काळे. ताईचे केस काळेभोर, तेव्हासारखे. माझे हात — पलीकडचे दिसते आहे —

उठली. वेष्टन दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले आहे. आता हसत नाही. म्हणते, हे इथं कडेला, बारीकसं भोक आहे.

ताई नको.

बारीकच आहे ना रे पंडिता? कडेलाच ना?

नको

कडेला नव्हे. बारीक नव्हे. मधोमध — चेहऱ्याच्या जागी — कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानापासून कानापर्यंत, सबंध कागद उडालेला — उमटते आहे — कपाळ — भुवया, किती बारीक भुवया — ती वळली — आता डोळे — डोळे कसे आहेत ते मला —